हरवलेल्या होडीची फिर्याद

ती होडी मला आजही दिसते. दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला, की धरणाचं ते शांत, हिरवट पाणी समोर येतं आणि मी काठावर उभा राहून खाली बघत असतो. नोकरीत खून, दरोडे सगळं हाताळलं. स्वप्नात मात्र येतो तो एका साध्या लाकडी होडीच्या चोरीचा गुन्हा.

नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीच्या, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेच्या, धरणाकाठी माझं ठाणं होतं. मोठ्या नद्यांवर जहाजं चालतात, व्यापार चालतो, हे शाळेत वाचलेलं. पण आमच्या गंगेचा व्यापार म्हणजे घाटावरची फुलं आणि नारळ, इतकीच माझी समज. इथे आल्यावर डोळे उघडले. पलीकडच्या गावची द्राक्षं, भाजी, दुधाचे कॅन, सगळं एका म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीतून अलीकडे येई. रस्त्याने धरणाला वळसा घालून दीड तास लागे, तोही खड्ड्यांतून. द्राक्षांचे मणी गळून जायचे. पाण्यावरून अर्ध्या तासात माल जसाच्या तसा. सकाळच्या धुक्यातून क्रेटांनी भरलेली ती होडी आवाज न करता यायची. हातात चहा घेऊन तिच्याकडे बघत बसणं हे माझं रोजचं सुख होतं.

एका मार्च महिन्यात नावाड्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. त्याला सिव्हिल हॉस्पिटलला हलवलं. बायको आधीच वारलेली. मुलगा लहानपणापासून शहरात मामाकडे वाढलेला, तिथेच कारखान्यात नोकरीला. होडीची सोय लावायला तो गावी आला, तर होडी जागेवर नाही. सगळा काठ धुंडाळून तो ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली, गुन्हा दाखल झाला. पलीकडे द्राक्षं काढणीला आली होती.

दुसऱ्याच दिवशी फोनवर निनावी खबर आली. "साहेब, टेम्पोवाल्याला इचारा. परवाच्याला काठावर फिरत व्हता."

गावात टेम्पो एकच. होडी गेली की सगळा माल त्याच्याकडे येणार. मला आणखी काय हवं होतं? मी स्वतः जीप घेऊन गेलो. त्याची बायको दारात गहू निवडत होती. शेजारीपाजारी बघत असताना त्याला जीपमध्ये बसवलं.

"मी टेम्पो धुवायला गेल्तो, साहेब," तो म्हणाला. "होडी पळवून काय करू? मला पोहता बी येत नाय."

"होडीत बसायला पोहावं लागत नाही," मी म्हणालो. हवालदार हसले, मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. अंगाला हात लावला नाही, पण बाकावर बसवून तेच तेच विचारत राहिलो. तेवढ्यात गावाने आपला निकाल लावून टाकला. टेम्पोत भरलेले क्रेट लोकांनी उतरवून घेतले आणि बाहेरची गाडी मागवली.

"मला आत टाका, नायतर खरं शोधा," तो म्हणाला. "असं मधी लटकवू नका, साहेब. पोरीबाळी हायेत घरी."

ठाण्याच्या फाटकापाशी एक आजी मासे विकायला बसे. चौथ्या दिवशी तिनेच मला हटकलं. "वल्ही घावली का, साहेब?"

"वल्ही म्हाताऱ्याच्या घरीच आहेत." पंचनाम्यात ती मीच नोंदवली होती.

"मंग होडी नेली कशानं, हातानं?" मासा साफ करता करता ती म्हणाली. "आरं बाबा, डांबर लावाया होडी काठावर वढली की उन्हानं लाकूड वाळतं, फटी पडत्यात. आमची मान्सं मग होडी दगडं भरून पान्यात बुडवत्यात, चार-आठ दिस. लाकूड फुगतं, फटी मिटत्यात. मालाची घाई सुरू व्हायच्या आधी बुडवून ठिवली आसंल त्यानं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं इचारलं?"

मुलाला घेऊन मी तसाच सिव्हिलला गेलो. म्हातारा खिडकीकडे बघत पडला होता. मी वाकून विचारलं, "बाबा, होडी पाण्यात ठेवली का?"  त्याने डावा पंजा पालथा केला आणि काही बुडवावं तसा चादरीवर हळूहळू दाबत नेला. मुलगा आठवतील तशा काठावरच्या जागा सांगत गेला. उंबराखालची जागा म्हणताच म्हाताऱ्याने डोळे मिटून होकार दिला.

सकाळी आम्ही उंबराखाली गेलो. टेम्पोवाल्यालाही बोलावलं. सावलीतल्या छातीभर पाण्यात होडी निजल्यासारखी पडली होती. पोटात दगड नीट रांगेने मांडलेले, आणि त्यांच्यावरून लहान मासे निवांत ये-जा करत होते. मला तर तिथून हलावंसंच वाटेना.

टेम्पोवाल्याने मला भानावर आणलं. "दिसली ना, साहेब? मग आता जीप घेऊन माझ्या घरी या. तशीच, दिवसाउजेडी. आन् समद्यांसमोर सांगा."

कागदावर काम सोपं होतं. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल, म्हणजे आमच्या भाषेत 'क' समरी, आणि फाइल बंद. वरिष्ठांनी तेवढंच पुरे म्हटलं असतं. पण त्या माणसाचं नाव मी कागदावर घालवलं नव्हतं, ते त्याच्या दारात घालवलं होतं. हेतू सापडला की तपास झाला असं आम्हाला वाटतं. पाण्यावर जगणाऱ्या माणसांना पाण्याबद्दल एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच झाली.

दुपारी मी जीप घेऊन गेलो. ती बघताच त्याच्या बायकोने पोरींना आत ओढलं आणि दार लावून घेतलं. गल्लीतले लोक जमले, टेम्पोवालाही त्यांच्यात येऊन उभा राहिला. मी टोपी काढली आणि बंद दारासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "चूक माझी होती. ह्यांनी काही केलेलं नाही."

 मग मी पुन्हा एकदा म्हणालो आणि दार उघडेपर्यंत तिथेच थांबलो.