दोन टॅक्सवाले काकाजी

रस्त्यात खड्डा दिसला की काकाजी थांबत. चपलेचं टोक आत घालून गिट्टी हलवून पाहत आणि जवळ जो कोणी असेल त्याला म्हणत, "याच्यात माहे पैसे हायेत."

समोरच्यानं "ते कसे?" असं विचारावं अशी त्यांची अपेक्षा असे. आमच्या गल्लीत आता कोणी विचारत नव्हतं. तरी ते सांगतच. "दोन महानगरपालिकायचा टॅक्स भरतो मी. अकोल्याचाबी आन् अमरावतीचाबी. हाये का गल्लीत दुसरा कोणी?"

नव्हता. बाकी सगळ्यांना एकेकच घर होतं आणि आम्ही त्यातच राहत होतो.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्वतःच्या हातानं गळ्यात धोंडा बांधून घेतो आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला तो धोंडा किती जड आहे ते कौतुकानं सांगत बसतो. काकाजी त्या जातीतले पहिल्या नंबरचे.

पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा अकोल्यात, गोरक्षण रोडच्या मागे, आमच्या भिंतीला लागून त्यांचं चांगलं बैठं घर होतं. समोर ओटा, मागे लिंबाचं झाड, अंगणात बोअर. ते सोडून त्यांनी अमरावतीला साईनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. कारण? त्यांच्या साडूनं अमरावतीला फ्लॅट घेतला होता. दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. काकूंना फ्लॅट दाखवला तो थेट किल्ल्या हातात आल्यावर.

"हे घर त दिवाळीपर्यंत जाते," काकाजी म्हणाले होते. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळ्या येत गेल्या, घर तिथंच राहिलं.

चावी माझ्याकडे होती. मी प्राथमिक शाळेत शिकवते; काकाजींच्या मते शाळेतल्या बायकांना वेळच वेळ असतो. "मॅडम, चावी तुमच्याजोळ, तवा जबाबदारीबी तुमचीच," असं त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं. विचारण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच.

एप्रिल लागला की ते टॅक्स भरायला येत. लवकर भरला की सूट मिळते ना! एसटीच्या अर्ध्या तिकिटात यायचं, सूट घ्यायची, ती पावती आम्हाला दाखवायची आणि परत जाऊन तिकडची सूट घ्यायची. बंद घराचा टॅक्स भरताना त्यात सूट मिळाली म्हणून खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या पावतीच्या जोरावर ते सगळ्यांवर डाफरत. एकदा गल्ली झाडणाऱ्या बाईला म्हणाले, "नीट झाड. तुहा पगार माह्या टॅक्सातून होते. अमरावतीच्या झाडणारीचाबी."

ती खराट्यावर हात ठेवून उभी राहिली. "मंग काकाजी, एक दिवस दोन्हीकडचा कचराबी तुमीच उचला ना."

आठवडाभर गल्ली त्यावर हसली. काकाजींना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

रविवारी गिऱ्हाईक घेऊन ते येत. काकू सोबत असत, कारण गिऱ्हाइकासमोर चहा ठेवायला घरची बाई लागते असा काकाजींचा नियम होता. काकू माझ्याकडून दूध-साखर नेत. मी म्हणायचे, "काकू, गोडं पाणीही घेऊन जा. कॅन भरलेली आहे."

"राहू दे बाई. हाये पानी," म्हणून काकू निघून जात.

अकोल्याच्या पाण्याची कीर्ती तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी भांडी घासायलाही नको वाटतं, इतकं खारं. घर बंद, म्हणून नळाचं पाणी भरलेलं नसे. काकू चहा बोअरच्या पाण्याचा करत. काकाजींना शुगर, ते चहा घेत नसत. गिऱ्हाईक पहिला घोट तोंडात घेई आणि तेवढ्यात काकाजी सांगत, "पानी त एकदम गोड! पूर्ण एरियात असं पानी नाही."

पाहुणा कसाबसा गिळायचा, बायकोकडे पाहायचा. मग "कळवतो" म्हणून जायचा. तो काही कळवत नसे.

दोन-तीन गिऱ्हाइकं अशी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. काकू कपबशा विसळत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "तिकडं दारं बंद असतेत बाई. बेल वाजोली त आतून डोया लावून पायतेत. मी दिवसभर बोलू कोनाशी?"

मी पुढच्या रविवारीही दूध दिलं. पाण्याचं विचारलं नाही.

इकडे काकाजींनी घर का विकलं जात नाही याची कारणं शोधून काढली. आधी सरकार, मग दलाल, मग लोकांची नियत. शेवटी एक वास्तुवाला आणला आणि त्याच्या सांगण्यावरून फाटक उचलून दुसऱ्या बाजूला बसवलं. घरातल्या माणसाकडे मात्र एकदाही वळून पाहिलं नाही.

मग एका रविवारी मूर्तिजापूरकडचं, पूर्णेकाठच्या गावातलं एक म्हातारं जोडपं आलं. मुलगा अकोल्यात नोकरीला लागला होता, त्याच्यासाठी घर पाहत होते. मी दुधाचं पातेलं परत न्यायला म्हणून तिथंच होते. म्हाताऱ्यानं बशीत चहा ओतला, सगळा प्यायला आणि कप पुढे केला.

"अजून अर्धा कप द्या बाई. बरोबर आमच्या गावासारका झाला."

काकाजी फुलले. "पानीच तसं हाये. गोड."

"गोड काहून म्हनता, काकाजी?" म्हातारा हसला. "चांगलं खारं हाये. पन आमची जिंदगी खाऱ्या पान्यातच गेली. आमाले चालते. घर पसंत हाये आपल्याले."

काकाजींनी काकूंच्या हातातला कप घेतला, शुगर विसरून एक घोट प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"बोअरचं पानी टाकलं तू?"

"हौ."

"आज?"

"दरवक्ती."

काकू पदर खोचून ओट्याच्या कडेला बसल्या आणि त्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मले हे घर इकाचं नाही. फ्लॅट घेतला तवा तुमी मले विचारलं नाही. आता मीबी तुमाले विचारून नाही राहिली, सांगून राहिली. मी इथून जात नाही."

म्हातारी आधी उठली. तिनं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा टोपी नीट करत म्हणाला, "बाईचा जीव हाये घरात. आमी कसं घ्यावं? येतो, काकाजी."

ते गेल्यावर काकाजी मला म्हणाले, "पाह्यलं का मॅडम? लोकायसमोर इज्जत घालोली." जणू ती मी घालवली होती. मग पिशवी उचलून एकटेच बसस्टँडवर गेले. त्यांना वाटलं, काकू मागून येतील. काकू झाडू घेऊन मागच्या खोलीत गेल्या होत्या.

तो सगळा हिवाळा ते अमरावतीत एकटे राहिले. डबा लावला. काकूंना फोन करायचा नाही असं ठरवलेलं, म्हणून मला करत.

"मॅडम, तिले सांगा, इथं गिझर हाये."

मी भिंतीवरून निरोप देई. काकू म्हणत, "त्याईले सांगा, मंग आंघोळ करा."

उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस रिक्षा थांबली आणि काकाजी बॅगेसह उतरले. माघार घेतली असं म्हणतील तर ते काकाजी कसले? मला ऐकवून म्हणाले, "घराले मानूस नसला त वाळवी लागते. म्हनून आलो." काकूंनी नळाच्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

झालं, आता सगळं सुरळीत होईल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण काकाजींनी आता फ्लॅट विकायला काढला. भाव असा सांगितला की ऐकणारा तिसऱ्या मजल्यावर न चढताच परत जाई. लिफ्ट नव्हती. भाव उतरवायला ते तयार नव्हते, कारण साडूच्या फ्लॅटला म्हणे तेवढाच भाव बोलला गेला होता. म्हणजे दोन टॅक्स सुरूच राहिले, खड्ड्यांतली मालकीही सुरू राहिली. महिन्यातून दोन दिवस ते फ्लॅट दाखवायला अमरावतीला जात आणि तिथले खड्डे तपासून येत.

असेच एकदा गेले. सकाळी वॉचमनचा फोन मला आला. दूधवाल्यानं बराच वेळ बेल वाजवली, कोणी उघडलं नाही. दार तोडावं लागलं. झोपेतच गेले होते.

पुण्याहून त्यांची मुलगी आली, सगळं करून गेली. नंतर फ्लॅट रिकामा करायला काकू आणि मी अमरावतीला गेलो. जिने चढताना मी मनात त्या माणसाला नावं ठेवत होते. एवढ्या पायऱ्या, या वयात, कशासाठी?

दार उघडलं. फरशीवर कण नव्हता. हॉलच्या मध्यभागी एक भलामोठा सोफा होता, दुकानातून आला तसाच, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीवर सतरंजी, उशी, शाल.

"हा कधी घेतला?" काकूंनी मला विचारलं. मला काय माहीत?

मागे वॉचमन उभा होता. "त्या थंडीत आनला, काकू. तुमी अकोल्याले होत्या तवा. मी म्हनलं, काकाजी, प्लॅस्टिक काढा, बसा. त म्हने, बाई येईन तवा काढू. मंग तुमी आल्या नाही. त म्हने, राहू दे आता, गिऱ्हाइकाले नवीन दिसाले पायजे. अन् स्वतः खाली झोपत."

गिझरचा निरोप मला दहादा सांगणाऱ्या त्या माणसानं सोफ्याचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

काकू "येड्यावानी मानूस," म्हणाल्या आणि वाकून ते प्लॅस्टिक टराटरा फाडायला लागल्या. मी मदतीला गेले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. सगळं फाडून झाल्यावर त्या एका टोकाला बसल्या, दोनदा दाबून पाहिलं.

"टनकच हाये," त्या म्हणाल्या.

पण उठल्या नाहीत.