चहाच्या वेळी नेलेल्या कुबड्या

तुमचे पाय कुणी थोड्या वेळासाठी मागितले, तर तुम्ही काढून द्याल का? हसू नका. माझ्या थोरल्या बहिणीकडे ते मागितले गेले. इथं कोल्हापुरात, चर्चच्या हॉलमध्ये, प्रार्थना संपून लोकांनी डोळे उघडले होते तेव्हा, आणि अत्यंत गोड आवाजात.

अक्काला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. काखेत कुबड्या घेऊन ती चालते, हातमशीनवर शिवते आणि बोलायला कुणाला भीत नाही. मी तिची धाकटी बहीण. आमचे वडील येशूच्या सुवार्तेची पत्रकं घेऊन आजरा, कुरुंदवाडच्या बाजारांत फिरायचे. उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांवरच आम्ही दोघी वाचायला शिकलो. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला एकच प्रश्न असायचा, आता तू काय करणार? त्या प्रश्नानं माझा स्वभाव बिघडवला असं आई म्हणते. असेलही.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, सत्तरचं दशक सरत आलं होतं. अपंगांमध्ये चर्चच्या मंडळीनं कसं कार्य करावं, या विषयावर आमच्याकडे परिषद भरली. चार जिल्ह्यांतून पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू, शिक्षक, दवाखान्यांतले लोक आले. अक्काला भाषणांची फारशी ओढ नव्हती. तिला एका माणसाला भेटायचं होतं. मराठवाड्यातल्या एका वसतिगृहाचे सुपरिटेंडेंट परिषदेला येणार होते आणि त्यांना अपंग मुलींना शिवण शिकवायला बाई हवी होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि पगार. अक्काला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची नोकरी दिसत होती. तिनं पिशवीत स्वतः शिवलेला एक फ्रॉक आणि एक झबलं इस्त्री करून ठेवलं.

राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावणारे चाचा आम्हाला सोडायला आले. अक्काची नवी साडी बघून ते म्हणाले, "लई नटलायसा अक्का. पोरगा बघायला चाललायसा व्हय?"

"न्हाई चाचा, नोकरी बघायला."

"मग तर गाडी जोरातच घेतो की. पोरगा थांबतोय, नोकरी न्हाई थांबत."

सकाळच्या सत्रात सुपरिटेंडेंट बोलले. गोरे, उंच, स्वच्छ धोतर नेसलेले गृहस्थ. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की शिवणाच्या बाई अजून मिळालेल्या नाहीत, कुणाच्या माहितीत असतील तर चहाच्या वेळी भेटा. अक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. तो वळ मला संध्याकाळपर्यंत पुरला.

परिषदेला गेलेल्यांना माहीत असतं, खरी परिषद चहाच्या वेळीच होते. व्यासपीठावर नुसते ठराव होतात. कोण कुणाच्या शाळेत लागणार, कुणाच्या मुलाला कुठल्या दवाखान्यात घेणार, हे सगळं कपबशी हातात धरून उभ्याउभ्या ठरतं. उभ्याउभ्या, हे लक्षात ठेवा. कारण तिथं बसलेल्या माणसाकडे कुणी वळत नाही. त्याच्या डोक्यावरून हात पुढं करून एकमेकांना पत्ते देतात.

तरुण संघाच्या मुलींना चहा वाटायचं काम होतं, म्हणून मी मागच्या शेडमध्ये किटली भरत होते. अक्काचा कप घेऊन हॉलमध्ये आले, तर ती भिंतीकडेच्या खुर्चीत तशीच बसलेली. तोंड लाल झालेलं.

"अक्का, अजून बसलीयास? ते बघ तिकडं उभे हायत."

"कशानं जाऊ? कुबड्या कुटं हायत माझ्या?"

"कुटं हायत म्हंजे?"

"सजवायला नेल्यात."

मला वाटलं ती थट्टा करतेय. थट्टा नव्हती. परिषदेत गरजूंना वाटायच्या कुबड्या मुंबईहून यायच्या होत्या, त्या रेल्वेच्या मालधक्क्यावर अडकल्या होत्या. प्रमुख पाहुणे तर आता पोचतच होते. मग परिषदेच्या चिटणीसांच्या डोक्यात एक कल्पना आली. ते अक्काकडे येऊन म्हणाले, "बाई, जरा द्या हं." तिला वाटलं, वाटेत अडतात म्हणून बाजूला ठेवत असतील. तिनं दिल्या. जाताना त्यांनी खुलासा केला की या कुबड्यांना फुलं बांधतील आणि त्याच कुबड्या पाहुण्यांच्या हस्ते तिला अर्पण करतील. प्रतीक म्हणून.

तिच्याच कुबड्या. आमच्या गल्लीतल्या सुतारानं सागवानाच्या करून दिलेल्या, काखेशी जुन्या लुगड्याची घडी गुंडाळलेल्या. आणि त्या तिला दान!

मी चिटणीसांना दारात गाठलं. ते पाहुण्यांच्या मोटारीकडे निघाले होते.

"अहो, तिच्या कुबड्या द्या. तिला चालायचंय."

"कुठं जायचंय त्यांना? सगळं जागेवर मिळेल की. चहा नाही मिळाला का?"

"चहा नको. कुबड्या हव्यात."

"आतल्या खोलीत कुलपात आहेत. आता उघडत बसलो तर फुलं विस्कटतील. थोडा धीर धरा, ताई. एवढं मनाला लावून घेऊ नका."

ते गेले, किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. मग मी सुपरिटेंडेंटांकडे गेले. भोवती चार-पाच जण होते. मधे घुसले आणि म्हणाले, "साहेब, शिवणाच्या जागेसाठी माझी बहीण आली आहे. ती तिकडे भिंतीकडे बसलीय. जरा येता का?"

त्यांनी वळून पाहिलं. हसून म्हणाले, "येऊ द्या की त्यांना इकडे. मी इथंच आहे."

"तिला आत्ता येता येत नाही. तिच्या कुबड्या परिषदेनं नेल्यात."

माझं शेवटचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पहिल्यावरच त्यांचा चेहरा मऊ झाला. दयेनं मऊ झालेला तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. "अरेरे," ते म्हणाले. "एवढंही चालता येत नसेल तर मुली कशा सांभाळणार? आम्हाला जरा हिंडती-फिरती बाई हवी. त्यांच्यासाठी प्रार्थना करू आपण."

घंटा वाजली. चहा संपला.

तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? आधी माणसाचं चालणं काढून घ्यायचं, मग त्याला चालता येत नाही म्हणून हळहळायचं, आणि वर त्याच्यासाठी प्रार्थना करायची! आणि हे करणारे कुणी दुष्ट लोक नव्हते. त्यांतले निम्मे आमच्या घरी जेवून गेलेले होते.

दुपारी अक्काचं नाव पुकारलं. दोघा स्वयंसेवकांनी खुर्चीसकट तिला उचलून व्यासपीठावर ठेवलं. पाहुण्यांनी झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या कुबड्या पुढं केल्या. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. चिटणीस माइक तिच्या तोंडाशी धरून म्हणाले, "आता आपली ही भगिनी देवाच्या कृपेची दोन शब्दांत साक्ष देईल."

अक्कानं आधी कुबड्या काखेत बसवल्या, उभी राहिली, मग बोलली.

"ह्या माझ्याच हायत. सकाळी ह्याच घेऊन आले. चहाच्या वक्ताला ह्यांनी काढून नेल्या, म्हणून मला त्या तिसऱ्या बाकावरच्या सायबांस्नी भेटता आलं न्हाई. आता जाऊन भेटते. एवढीच माझी साक्ष."

हॉलमध्ये मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्का व्यासपीठाच्या कडेला बसली, पायरीपायरीनं खाली सरकली, पुन्हा उभी राहिली आणि बाकांच्या मधल्या वाटेनं निघाली. झेंडूच्या पाकळ्या सांडत होत्या. सुपरिटेंडेंटांसमोर थांबून तिनं पिशवीतला फ्रॉक काढला.

"मी आले सायेब. शिवण मी शिकवते. हे बघा."

त्यांनी फ्रॉक हातात घेतला, पण पाहिला नाही. इकडंतिकडं बघत तो परत करत हळूच म्हणाले, "बाई, परिषद चालू आहे. नंतर बोलू."

ते नंतर कधी आलं नाही. समारोपाच्या आधीच ते पाहुण्यांच्या मोटारीत बसून स्टेशनवर गेले. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं पुढं कळलं. हिंडत्या-फिरत्या बाई असतील.

निघताना चिटणीस अक्काला म्हणाले, "तुम्ही परिषदेची शोभा घालवलीत."

"शोभा माझ्या काखेत न्हवती की सायेब. कुबड्या हुत्या."

बाहेर चाचा रिक्षा घेऊन थांबले होते. फुलं बांधलेल्या कुबड्या बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "हे काय अक्का? कुबड्यांचं लगीन लावलं व्हय?"

"लगीन न्हवं चाचा. त्यास्नी पळवून नेलतं."

तिघंही हसलो. पण शाहू मिल मागं पडली तशी अक्का पिशवीतला फ्रॉक मांडीवर घेऊन त्याची चुरगळलेली घडी घरापर्यंत हातानं सारखी करत राहिली.

परिषदेच्या अहवालात तो फोटो छापून आला. पाहुणे देत आहेत, अक्का घेत आहे. खाली "गरजू भगिनीस कुबड्यांचे दान". ती काय बोलली त्याचा एक शब्द नाही. तो फोटो बघून लांबलांबच्या मंडळ्यांना किती गहिवर आला असेल!

या हिवाळ्यात पुन्हा परिषद आहे. अक्काला पुन्हा बोलावणं आलंय आणि ती जाणार आहे. मी विचारलं, "कशाला जातीयास गं?" ती म्हणाली, "दुसरं कोण तरी सुपरिटेंडेंट येईल की." तोच फ्रॉक तिनं पुन्हा धुवून इस्त्री केलाय.

तुमच्यापैकी कितीतरी जण अशा परिषदांना जाता. म्हणून वडिलांच्या पत्रकांतला प्रश्न मी तुम्हाला विचारते, आता तुम्ही काय करणार? तुम्ही वर्गणी द्यावी किंवा ठराव करावा असं मी म्हणत नाही. चहाची घंटा झाली की आपला उभा घोळका सोडा. कप घेऊन भिंतीकडे जा, तिथं कुणी बसलेलं असेल त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, तुम्हाला इथं कुणाला भेटायचंय? मग त्या माणसाला तिथं घेऊन या. आणि त्या खुर्चीशी कुबड्या दिसत नसतील, तर चहा खाली ठेवा, आधी कुबड्या शोधा आणि ज्याच्या आहेत त्याच्या हाताशी नेऊन ठेवा.