काढ्याचा पाऊण तास

आरोग्य म्हणजे समतोल, यावर पूर्वेकडच्या सगळ्या जुन्या वैद्यकांचं एकमत आहे. कशाचा समतोल, यावर मात्र लंडनजवळ पिनरमधल्या आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा एकमत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी सतत थकलेली असे. झोप यायची ती मेडनहेडच्या ऑफिसात, तीही टीम मीटिंगमध्ये. घरी अंथरुणावर नुसती पडून राहायचे. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. नॉर्मल असल्याचा एवढा वैताग मला पूर्वी कधी आला नव्हता. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून चिनी औषधांच्या एका दुकानात गेले. सोबत सासूबाई. त्या सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या आणि मला एकटीला कुठे जाऊ देणं त्यांना कर्तव्यात कसूर वाटे.

तिथल्या वैद्यबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, चालू गोळ्या विचारल्या, जीपीलाही कळवायला सांगितलं. मग पथ्य: रात्री दही नाही, फ्रिजमधलं काही नाही, सकाळी तांदळाची पेज.

"पेज?" बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. "हे सांगायला चीन कशाला लागतो गं?"

कागदी पुड्यांत साली होत्या, मुळ्या होत्या, काड्या होत्या. त्यातलं ज्येष्ठमध तेवढं मला ओळखू आलं. रोज एक पुडी भिजवायची आणि मंद आचेवर पाऊण तास उकळायची. उतू जाऊ नये म्हणून कोणीतरी जवळ थांबायचं.

पहिल्याच संध्याकाळी वास घरभर झाला. ओल्या गोणपाटात मेथ्या जाळाव्यात तसा काहीसा.

"मम्मा, किचनमध्ये काहीतरी मेला आहे का?" मुलीने जिन्यावरूनच विचारलं आणि वर जाऊन दार लावून घेतलं. नवऱ्याने ऑफिसचा कॉल वरच्या खोलीत नेला. सासूबाईंनी शाल नाकाशी धरली आणि हॉलमध्ये सिरियल लावली.

स्वयंपाकघरात मी एकटी उरले. या घरात राहायला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकलं. कुणी चार्जर विचारायला आलं नाही, उद्या डब्यात काय, हेही नाही. भांड्याची रटरट तेवढी चालू होती. काढा कडूजहर होता. त्या रात्री झोप लागली.

काढ्याने लागली की स्टुलाने, हे तपासून पाहण्याची मला घाई नव्हती. मेडनहेडहून परतताना ट्रॅफिकमध्ये मी त्या वासाची वाट पाहू लागले.

मग एका संध्याकाळी घरी आले, तर स्वयंपाकघरात सगळे हजर. ओट्यावर कुकर, शेजारी माझा कप भरलेला.

"तू दमून येतेस, म्हणून मीच लावला," सासूबाई म्हणाल्या. "वरणाच्या डब्यावर ठेवला. तीन शिट्ट्यांत झाला!"

"अहो आई, तुम्ही कशाला..."

"त्यात काय मेलं? रोज इतका वेळ त्या वासात बसतेस. मला बघवत नाही."

जेवताना वरणालाही ज्येष्ठमधाची चव होती. मुलीने टोस्ट खाल्ला. मी रात्रभर छताकडे बघत होते. दुसऱ्या दिवशीही कुकर, तिसऱ्या दिवशीही.

पुढच्या खेपेला मी वैद्यबाईंना विचारलं, "हा काढा प्रेशर कुकरमध्ये नाहीच ना चालत?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मला एक स्पष्ट, कडक मनाई हवी होती. एरवी परंपरा वगैरे शब्दांनी मला जांभई येते, पण त्या क्षणी ती शक्य तितकी जुनी आणि हट्टी निघावी, अशी माझी मनापासून इच्छा होती.

वैद्यबाई हसल्या. "चालतो की. पण मुळात उकळता कशाला? मी स्वतः पावडर घेते. दुकान सांभाळून पाऊण तास कोण उभं राहणार?" आणि त्यांनी काउंटरवर पांढऱ्या प्लॅस्टिकची बरणी ठेवली.

"बघ!" सासूबाई म्हणाल्या, आणि बरणी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

पावडर गरम पाण्यात लगेच विरघळते. ढवळावंही लागत नाही.