शिशाच्या एप्रनची घडी

"एप्रन आहे ना? मग अडलंय कुठे?"

"एप्रन आहे, सर. पण त्याला भेगा पडल्यात."

"मला तर एकही दिसत नाही. कापड नव्यासारखं आहे."

"कापड किरण काय अडवणार? आतलं शिसं फाटलंय."

बोईसरमधल्या त्या लहानशा हॉस्पिटलच्या एक्स-रेच्या खोलीत डॉक्टर दिग्विजय आणि टेक्निशियन रूपाली समोरासमोर उभे होते. हॉस्पिटल डॉक्टरांचं, मशीन डॉक्टरांचं, आवाजही त्यांचाच मोठा. बाहेर बाकावर सफाळ्याहून बापाबरोबर आलेली चार वर्षांची पोर मोडलेला हात धरून रडत होती. आणि दाराशी आया सोमी, हातावर एप्रन टाकून. रडणाऱ्या पोरांना मशीनखाली घट्ट धरायचं काम तिचं. तीन वर्षं ती हाच एप्रन घालून पोरं धरत आली होती. परवाच ती रूपालीला हळूच म्हणाली होती, "ताई, मला चौथा महिना लागला."

त्याच संध्याकाळी रूपालीनं एप्रन टेबलावर पसरला आणि त्याचाच एक्स-रे काढला. नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदा.

"हे बघा." तिनं कॉम्प्युटरचा पडदा डॉक्टरांकडे वळवला. "हाडातलं कॅल्शियम किरण शोषतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. जिथून किरण आरपार जातात, तिथं काळं. शिसं तर हाडाहून कितीतरी जास्त अडवतं. हे अख्खं पांढरं यायला हवं होतं. मग या काळ्या रेघा कसल्या?"

"मला शिकवतेस?"

"विसरलात म्हणून आठवण करते."

"किरण सरळ खाली जातात, रूपाली. सोमी बाजूला असते."

"सगळे नाही जात. काही पोराच्या अंगावर आपटून वाटेल तिकडे उडतात. वेल्डिंग बघितलंय ना, सर? ठिणगी पत्र्यावरच राहते का? शेजारी उभा असतो त्याचा शर्ट जळतो."

हे उदाहरण तिला पुस्तकात मिळालं नव्हतं. तिचे वडील कैलास धुळ्याहून इथं आले ते वेल्डर म्हणून. सालवडच्या भाड्याच्या खोलीत आई त्यांचे भोकं पडलेले शर्ट रफू करायची आणि इस्त्री केल्यासारखी घडी घालून ठेवायची. दहा बाय दहाची खोली, पण पसारा कधी दिसला नाही. डिप्लोमा करून रूपालीला नोकरी लागली, तेव्हा ती घडीची सवयही तिच्याबरोबर इथं आली.

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. एक रेघ उभी, एक आडवी, बरोबर पोटावर एकमेकींना छेदणारी.

"हे घडीवर फाटलंय," ते सावकाश म्हणाले. "एप्रन टांगायचा असतो, घडी घालायची नसते. हे तुमच्या कॉलेजात सांगत नाहीत?"

सांगितलं होतं. परीक्षेत दोन मार्कांना आलंही होतं. रूपाली समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. एक खुंटी ठोकायला पाच मिनिटं लागली असती.

"तेव्हा माझ्यावर ओरडणं बंद. नवीन येईल पुढच्या महिन्यात. तोवर सोमी धरेल."

"नाही धरणार. पोरीचा बाप धरेल, त्याला एकदाच धरायचंय."

"आणि मी म्हणालो सोमीच, तर?"

"तर बटण तुम्ही दाबा."

डॉक्टर काही बोलणार, तोच दाराकडून आवाज आला.

"ताई, सांजच्याला घडी तुमीच घालायच्या ना?"

रूपाली वळली. "हो."

"मला वाटायचं, ताईंचं काम किती नीट हाय."

"सोमी, उडणारे किरण फार थोडे असतात. बहुतेक काही झालं नसेल."

"बहुतेक?"

रूपाली तिच्याजवळ गेली. "आपण उद्याच सोनोग्राफी करू. मी येते सोबत. चूक माझी आहे, सोमी. शिव्या घाल, पण बोल काहीतरी."

सोमीनं हातावरचा एप्रन टेबलावर ठेवला. सवयीनं तिचे हात दोन टोकं जुळवायला गेले, आणि थांबले. तिनं तो तसाच पसरलेला सोडला, कोपऱ्यातली डब्याची पिशवी उचलली, आणि रडणाऱ्या पोरीच्या बाकासमोरून, मागे न बघता, बाहेर निघून गेली.