ओळंब्या मिस्त्रीचा बाक

ओळंब्या म्हणून सगळे ज्याला ओळखत, तो गवंडी. भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला टांगतात तो ओळंबा तो म्हणे उशाशी घेऊन झोपायचा. खरंखोटं त्याची बायको जाणे. कुणाकडे पाहुणा गेला तरी पाणी प्यायच्या आधी भिंतीला गाल लावायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "पोट सुटलंय हो!" यजमान बिचारा श्वास आत ओढायचा.

चूक मात्र त्याची कधीच नसायची. एकदा स्वतःचीच भिंत तिरकी निघाली, तर म्हणाला, वाऱ्यानं दोरी हलली.

म्हातारपणी थापी कायमची खाली ठेवल्यावर लेकीनं दोघां नवराबायकोला वाळवंटातलं राखीव उद्यान पाहायला पाठवलं. फाटकावर पहारेकरी आत जाणाऱ्यांना काहीबाही समजावत होता. दोघी म्हाताऱ्या बहिणी कान देऊन ऐकत होत्या. मिस्त्रीची बायको पाणी भरायला गेलेली आणि मिस्त्री एक डोळा मिटून फाटकाचा खांब तपासत होता.

आत गेल्यावर मात्र तो हरखला. वाऱ्यानं कोरलेले तांबडे खडक, आभाळाला टेकलेल्या कमानी!

"बघ गं, ना चिरा, ना चुना, आणि कमान उभी!"

"आणि तो खडक बघा," बायको म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंसारखा फुगून बसलाय."

परतताना मोठा सपाट कातळ लागला. तिथं पाऊल उमटत नव्हतं. सकाळपासून मिस्त्रीला खुपत होत्या त्या दगडावर दगड ठेवलेल्या वेड्यावाकड्या उतरंडी तिथंच होत्या. बायकोचे गुडघे बोलू लागले होते.

"थांब, तुला बसायला करतो."

"अहो, कुणी मुद्दाम ठेवले असतील ते दगड."

"मुद्दाम? असं रचणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता!"

आणि गड्यानं एकेक उतरंड मोडून असा बाक रचला की सांध्यात नख शिरू नये. बायको टेकली. मिस्त्री लांबून, जवळून, एक डोळा मिटून बघत राहिला. परतीची दिशा त्याच्या डोक्यात पक्की होती. दोघं सुखरूप फाटकाशी आली.

ऊन कलल्यावर पहारेकऱ्यानं विचारलं, "काका, त्या दोघी बहिणी दिसल्या का?"

"कमानीपाशी होत्या. आमच्या मागंच."

"मग येतील. कातळावर दगडांच्या खुणा आहेत. त्या धरून आलं की माणूस चुकत नाही."

बायकोनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं खांबाकडे पाहिलं. त्याच्या नखांत तांबडी धूळ होती. हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना. सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते एवढंच, "चला, बघून येऊ."

कातळावर पोचताच पहारेकरी कडाडला, "एकही खूण नाही! टवाळ पोरांचं काम, दुसरं काय!"

दोष ढकलायला पोरं आयती मिळाली होती.

पहारेकऱ्यानं हाका मारल्या, तेव्हा उत्तर बाकावरूनच आलं. थोरली बहीण धाकटीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, पाण्याची बाटली रिकामी.

"खुणाच दिसेनात," धाकटी म्हणाली, "फिरून फिरून पाय गळाले. मग हा बाक दिसला. ज्यानं कुणी बांधला त्याचे हात सोन्याचे हो! तो नसता तर कुठं टेकलो असतो?"

मिस्त्रीला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर बरं होतं. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी थोरलीपुढं धरलं. बायको त्यानं पुन्हा वाऱ्याचं नाव घ्यायची वाट पाहत असावी.

"पोरं नव्हती," तो म्हणाला. मान वर होईना. "मी मोडल्या खुणा. वाकड्या दिसल्या म्हणून. बाक त्याच दगडांचा आहे."

धाकटीनं बाकावरचा हात काढून घेतला. पहारेकरी मग म्हणाला, "काका, उजेड आहे तोवर पहिल्यासारखं करा."

मिस्त्रीनं आपला बाक उपसला. तो सहज सुटेना, इतका घट्ट बसला होता! पहारेकरी दाखवेल तिथं तो वाकून दगड मांडत गेला. शेवटच्या उतरंडीवर बायकोनं दगड ठेवला, तिरकाच. मिस्त्रीचा हात सवयीनं पुढं गेला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला.