साडेपाचचा मराठीचा तास

‘वाचन बंद करा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या भेटलात,’ आजोबा म्हणाले. ‘तेही मराठी वाचन.’

देवासच्या आमच्या क्लिनिकमध्ये ते आठ वर्षांच्या नातीला, मीराला, घेऊन आले होते. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारी. मीराला अजून नंबर नव्हता. पण आईवडील दोघांनाही जाड चष्मे, आणि थेंब टाकून तपासलं तर रीडिंग जवळजवळ शून्य. लहान मुलांच्या डोळ्यांत थोडा प्लस नंबर असतो. वयाबरोबर तो हळूहळू उतरतो. हिचा फार लवकर उतरला होता. पुढची पायरी मायनस, म्हणजे लांबचं धूसर. इतक्या लहानपणी मायनस लागला की वर्षानुवर्षं वाढत राहतो.

तो मायनस लागणं लांबवायला मुलांनी रोज दोनेक तास उघड्यावर, उजेडात खेळावं. मी मीराचा दिवस विचारला. शाळा, होमवर्क, ट्यूशन, मग साडेपाच ते सात आजोबांचा मराठीचा तास. बारीक टाइपाचं जुनं पुस्तक, नाकापासून वीतभर. तो संपेपर्यंत अंधार.

‘हा तास बंद करा,’ मी म्हणाले.

‘ट्यूशन बंद करा.’

‘मम्मी नहीं मानेगी,’ मीरा म्हणाली.

‘ऐकलंत?’ आजोबा माझ्याकडे वळले. ‘शाळेत हिंदी, गल्लीत मालवी. हा तास गेला की घरातली मराठी गेली.’

माझी स्वतःची मुलगी मला ‘आई, खाना दे दो’ म्हणते. मी विचारलं, ‘तुम्ही कशी शिकलात मराठी?’

‘आईकडून. पाढे, श्लोक, भांडणं.’

‘पुस्तक होतं?’

‘नव्हतं.’

‘मग तसंच शिकवा. गावातल्या टेकडीवर चढताना.’

‘माझे गुडघे तुम्ही तपासले नाहीत.’

‘बरं, मैदानात. तुम्ही बाकावर बसून विचारा, ती पळेल. उत्तरं तिथूनच ओरडून देईल. पण साडेचारला, ऊन असताना.’

‘और किताब?’ मीराने विचारलं.

‘रात्री वीस मिनिटं. चांगल्या दिव्याखाली, हातभर लांब धरून. मोठ्या अक्षरांचं.’

मीराच्या आईला मी फोन केला. कुरकुरत का होईना, तिने ट्यूशन अंधार पडल्यानंतर नेली.

सहा महिन्यांनी मीरा परत आली. थेंब टाकले, तपासलं. रीडिंग होतं तेवढंच होतं. यात मैदानाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, ते मला सांगता येणार नाही. पण चष्मा लागला नव्हता, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. ‘मैदान चालू ठेवा, सहा महिन्यांनी परत या,’ मी सांगितलं.

मीरा डोळे चोळत म्हणाली, ‘थेंब झोंबत नाहीत म्हणालात. तुम्ही खोटारड्या आहात.’

मी आजोबांकडे पाहिलं. ते तिला रागावले नाहीत. ‘वाक्य पूर्ण मराठी आहे,’ म्हणाले.

तेव्हापासून एखादी सवय मोडायला सांगण्याआधी ती घरात कशासाठी आली, हे मी विचारते. प्रिस्क्रिप्शनवर त्यासाठी रकाना नसतो. मी मागच्या बाजूला लिहिते.