बिनब्रेकची सायकल आणि हुकलेली चाचणी

आज रविवार, सकाळी सव्वासात. इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या मैदानावर माझ्या नातीला, गार्गीला, ट्रॅक सायकलिंगच्या निवड चाचणीतून बाहेर काढलं. कारण काय, तर सायकलला ब्रेक नाहीत!

मंडळी, ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतातच. असले तर ट्रॅकवर उतरू देत नाहीत. पायांनीच वेग आवरायचा असतो.

मी तपासणाऱ्या साहेबांना म्हटलं, "भैया, नियम तो पढ़ लेते."

"माताजी, बच्ची गिर गई तो जवाब कौन देगा? आप छाँव में बैठिए."

"माताजी मंदिर में मिलेंगी. मैं यहाँ जवाब लेने आई हूँ."

साहेब हसले आणि त्यांनी ब्रेकवाली रोडची सायकल आणलेल्या दुसऱ्या मुलीला आत सोडलं.

गार्गी चार वर्षं रोडच्या शर्यती जिंकून ट्रॅककडे वळली. ज्युनिअर गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. घरी येताना एवढंच म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी मोठ्यांच्या गटात मला कोण विचारणार?"

याचं उत्तर तुम्हाला देता येईल?

निवडीची यादी गुरुवारी पुढे पाठवली जाणार आहे. आयोजकांनो, तिची चाचणी घेणार की नाही, ते बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा.